तिसऱ्या मागीची हकीकत

॥ श्री ॥ ज्या कुंभाराने माती एकच मळली, आणि मडकी मात्र काही कमी भाजली काही अधिक भाजली, आणि तरी पाणी सगळ्यांत सारखेच गार होते, त्याचे नाव प्रथम घेतले आणि मग लेखणी उचलली. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर. आपण विचारणा केली की, तुमचे राज्यात पाळकाचे नेमणुकीवरून काय गलबला जाहला तो लिहून धाडावा. तर जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहितो. सेवक देवळात पाचव्या बाकावर बसतो, तेथून सर्व दिसते. आणि जे दिसत नाही ते शेजारीण सांगते.

राज्य म्हणजे काय, तर ख्रिस्ती मंडळीचे एक दगडी देऊळ, उंच घंटेचे, पूर्वेस एस.टी.चे आगार, पश्चिमेस तेलाची गिरणी, उत्तरेस कबरस्तान, आणि रयत सवाशे घरांची. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर उपासनेनंतरच्या चहाला मला कोणी विचारणार नाही. या राज्याचे अधिपती श्रीमंत विल्सनराव चक्रनारायण, निवृत्त मुख्याध्यापक, पंचमंडळाचे अध्यक्ष, अंगाने भरदार आणि आवाजाने नगारा. नाताळच्या नाटकात हेरोद राजाचे काम वर्षानुवर्षे तेच करितात, कारण सिंहासन दुसऱ्यास सोडवत नाही. त्यांचे चिटणीस नोएलराव पाटोळे, जिभेवर साखर, पोटात काय ते देव जाणे. आणि आमचे राज्यात एक चाल आहे, ती आधीच सांगून ठेवतो. येथे कोणास तोंडावर नाही म्हणत नाहीत. नाही म्हणायचे असले म्हणजे, ‘तुमची गोष्ट आम्ही प्रार्थनेत ठेवली आहे’ असे म्हणतात, आणि मग ती तिथेच राहते. माझ्या भाच्याची शाळेतल्या नोकरीची शिफारस अजून प्रार्थनेत आहे, आणि भाचा आता आजोबा जाहला.

तर आमचे जुने पाळक वयोमानाने निवृत्त जाहले, आणि गादी रिकामी पडली, आणि लग्ने, बारशी, माती सर्व खोळंबले. मग बिशपसाहेबांनी, म्हणजे आमचे बादशहांनी, भाद्रपद मासी रेव्हरंड शिमोन सिद्दी नामे पाळक धाडिले, आणि सोबत हुकूम असा की, नवे वर्ष लागेतो यांस पाहावे, मनास आले तर कायम करावे, न आले तर कळवावे. शिमोनरावांस या आधी तीन राज्यांनी पाहिले होते, आणि तिन्ही राज्यांनी प्रार्थनेत ठेविले होते. मग बादशहांनीही हात टेकले आणि त्यांस सांगितले की, याही ठिकाणी जमले नाही तर पाळकाचा झगा उतरवावा आणि वसतिगृहाचे कोठार सांभाळावे, तांदूळ-डाळ मोजावी. ऐसा निकराचा प्रसंग घेऊन ते आले.

चिटणीस हार घेऊन आगारात गेले. गाडी आली, माणसे उतरली, चिटणीस टाचा उंचावून पाळक शोधो लागले, आणि समोर एक उंच, काळाभोर, कुरळ्या केसांचा गृहस्थ ट्रंक घेऊन उभा होता, त्यास म्हणाले, “भाईसाब, जरा बाजू हटो.” तो गृहस्थ बाजूस हटला. गाडी रिकामी जाहली, कंडक्टर चहास गेला, तरी पाळक दिसेनात. मग त्या गृहस्थाने नम्रपणे म्हटले, “सलाम. तो हार बहुतेक माझा असावा.” चिटणीस गडबडले आणि कधी इंग्रजी कधी हिंदी बोलो लागले. शिमोनराव हसले आणि म्हणाले, “मराठी चालेल हो. हळियाळकडचा आहे मी, सीमेवरच्या रानातल्या वाडीतला.” सिद्दी म्हणजे ज्यांचे पूर्वज शेकडो वर्षांमागे आफ्रिकेतून जहाजांत घालून या देशी आणिले ते लोक, जुन्या कागदांत त्यांस हबशी म्हटले आहे, आणि त्यांनी दर्यातला किल्ला कोणास घेऊ दिला नाही हेही लिहिले आहे. परंतु चिटणिसांनी जुने कागद वाचिले नव्हते. हार त्यांनी गळ्यात न घालता हातात दिला.

पुढे पहिल्या रविवारी शिमोनरावांनी उपदेश केला. काय सांगावे! आवाज असा की खालच्या पट्टीत बोलले तरी शेवटच्या बाकावरच्या म्हातारीने कानामागचा हात काढला. गाण्यास उभे राहिले तर पेटीवाल्याची बोटे आपोआप सरळ पडो लागली. रयत डोळे पुसत बाहेर आली. मग पंचमंडळाचा दरबार भरला आणि सगळे म्हणाले की उपदेश उत्तम, वाणी उत्तम, स्वभाव तर लोणी, पण. हा ‘पण’ आमचे राज्याचा खरा सेनापती आहे, त्याचेशिवाय एक लढाई होत नाही. एक पंच म्हणाले, लहान मुले भितील. ते समयी बाहेर लहान मुले शिमोनरावांच्या दोन्ही दंडांस लोंबकळत होती. दुसरे म्हणाले, “लग्नाच्या फोटोत पाळक मधोमध उभे राहतात, याचाही विचार झाला पाहिजे.” हे मी कानांनी ऐकिले, खोटे लिहीत नाही. मग विल्सनराव बोलिले, “हे पाहा, मी स्वतः रंगबिंग मानत नाही. देवाची लेकरं सगळी. पण लोक काय म्हणतील?” आणि मग गोष्ट प्रार्थनेत ठेवली. पाळकाच्या बंगल्यास रंग द्यायचा आहे असे सांगून शिमोनरावांची बिछायत रविवारच्या शाळेच्या खोलीत घातली, जेथे मोडक्या खुर्च्या आणि नाटकाची गव्हाण ठेवलेली असते. रंगारी कधी आला नाही. त्याला कोणी बोलावलेच नव्हते.

मग त्यांनी बाहेर खोली पाहिली. फोनवर घरमालक म्हणाला, “या की, पाळक म्हणजे देवमाणूस, भाडं काय तुमच्याकडून!” आणि दारात पाहताच म्हणाला की मेव्हणा येतोय राहायला. बाजारात भाजीवाली बोटे दाखवून किंमत सांगे. हे म्हणत, “मावशी, बोटं नका मोडू, वांगी कशी दिली ते सांगा.” ती म्हणे, “अगं बया! कुठल्या देशचे?” हे म्हणत, “तुमच्याच. काटे कमी असलेली द्या.” रिक्षावाले न विचारता विमानतळाचा भाव सांगत, आमचे गावास विमानतळ नाही. पोरे मागून येऊन केसांस हात लावीत आणि पळत, तर हे थांबून खाली वाकत आणि म्हणत, “लावा नीट, घाई कशाला.” आम्ही हे पाहून हसत असू. माणूस रोज असे हसून काढतो म्हणजे त्यास टोचत नाही असा आमचा समज. केवढे शहाणे आम्ही!

टोचत होते ते एका रिबकामावशीस ठाऊक. मावशी म्हणजे दवाखान्यातील निवृत्त नर्स, रविवारच्या शाळेच्या आणि नाताळच्या नाटकाच्या सरसुभेदार. यांनी आमचे राज्यातली अर्धी रयत जन्मताना पायाला धरून उलटी केली आहे, त्यामुळे कोणाची भीड बाळगीत नाहीत. त्या एके दिवशी शेंगोळ्यांचे पातेले घेऊन खोलीवर गेल्या आणि समोर बसून वाढो लागल्या आणि म्हणाल्या, “बाबा, कशाला सोसतोस हे? कोठारात पगार सारखाच, डोक्याला ताप नाही. बायको-पोरांना घेऊन सुखानं राहा.” शिमोनराव जेवता जेवता बोलिले, “मावशी, माझा बाप गेला तेव्हा पाळकाला बोलवायला मी धावत गेलो होतो. ते आले. पण वाडीत आत नाही आले. बांधावरूनच प्रार्थना केली, छत्री धरून. बापाला ऐकूच गेली नाही. तो विचारत राहिला, आले का रे, आले का? तेव्हा ठरवलं, आपण पाळक व्हायचं आणि प्रत्येक घरात आत जायचं. आत गेलं की बसायचं. हे कोठारात बसून कसं जमेल?” मावशींनी पातेले त्यांच्याकडे सरकवले आणि घरी जाऊन पुष्कळ रडल्या. हे शेजारणीने सांगितले. शेजारीण म्हणजे मावशींची जाऊ.

आता राजवाड्याची हकीकत. आश्विन मासी विल्सनरावांच्या सुनेस, प्रिसिला तिचे नाव, कन्या जाहली. युवराज नोकरीसाठी दुबईस. कन्या गुटगुटीत, टपोऱ्या डोळ्यांची आणि रंगाने काळीसावळी. मग काय विचारता! राणीसाहेबांनी, म्हणजे विल्सनरावांच्या कुटुंबाने, बेसन, हळद आणि दुधाची साय यांचे मोर्चे बांधिले आणि लेकराचे अंग दोन्ही वेळा घासो लागल्या. पाहावयास येणारी प्रत्येक बाई पाळण्यात वाकून पाही, क्षणभर थांबे, आणि मग म्हणे, “असू दे, वाढल्यावर उजळेल.” कोणी म्हणे, “नाकीडोळी नीटस आहे, काळजी करू नका.” अहो, काळजी करू नका हे आजाऱ्यास म्हणतात, की दुधासाठी मुठी चोखणाऱ्या पोरीस? प्रिसिला भिंतीकडे तोंड करून ऐके. मग बाप्तिस्मा लांबवला, थोडी उजळली म्हणजे फोटो बरे येतील म्हणून.

शिमोनराव रयतेच्या घरोघर जात, तसे राजवाड्यावरही गेले. बसले, चहा जाहला, आणि म्हणाले, “बाळाला पाहीन म्हणतो.” राणीसाहेब म्हणाल्या, “आत्ताच झोपलीय हो.” ते समयी आतून बाळाचे हुंकार स्पष्ट ऐको येत होते. शिमोनरावांनी ते ऐकिले. उठले, आणि माजघराच्या पडद्याकडे तोंड करून, आतपर्यंत जाईल ऐशा आवाजात प्रार्थना केली की, आत जे लेकरू आहे त्याचे आणि त्याच्या आईचे देवा तू पाहा. आणि चप्पल घालून गेले. पडद्याआड प्रिसिला उभी होती. तिने पडदा हातात घट्ट धरून ठेविला होता.

आणि मग नाताळ आला. आमचे राज्यातील नाटक आपणास ठाऊक असेलच, नसले तर सांगतो. गव्हाणीत बाळ येशू म्हणून त्या सालचे मंडळीतले सर्वांत धाकटे खरे लेकरू ठेवायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. आणि ताऱ्यामागून पूर्वेकडचे तीन ज्ञानी येतात, त्यांस मागी म्हणतात. पैकी तिसऱ्यास काजळ फासून काळा करायचे, हीही चाल. पहिला मागी सोने देतो आणि बोलतो, दुसरा ऊद देतो आणि बोलतो, तिसरा गंधरस ठेवितो आणि गप्प बाजूस होतो. त्यास वाक्यच नाही. कारण बोलला की काजळ दातांस लागते आणि रयत हसते. तर तालमीच्या दिवशी काजळ फासून घेण्यास कोणी पोरगा तयार होईना, तेव्हा चिटणीस मोठा उपकार केल्यासारखे बोलिले, “आपले शिमोनराव आहेत की! काजळाचा खर्च वाचेल.” दोघे-चौघे हसले. मावशींच्या हातातली काठी वर गेली. तोच शिमोनराव म्हणाले, “करतो मी.” आणि मग मावशींस हळूच म्हणाले, “आमच्या वाडीतही हे नाटक व्हायचं, मावशी. तिथं सगळेच आमच्यासारखे. त्यामुळे मरिया काळी, योसेफ मी, बाळ काळं. फक्त हेरोद दुष्ट दिसावा म्हणून त्याला पीठ फासायचे.” मावशी इतक्या हसल्या की त्यांस पाणी द्यावे लागले.

आणि सर्वांत धाकटे लेकरू कोणते, तर विल्सनरावांची नात. मावशींनी विचारले, “मग विल्सन, नातीला कधी आणतोस?” विल्सनराव घसा खाकरून म्हणाले, “थंडी फार आहे. बाळ नाजूक आहे. यंदा बाहुली चालेल.” बाळ नाजूक! आठ दिवसांमागे तिने लाथ मारून आजोबांचा चष्मा मोडला होता. मग चिटणिसांनी मोबाईलवरून बाहुली मागविली. ती आली गुलाबी, निळ्या डोळ्यांची, पिवळ्या केसांची, आणि पोट दाबले की इंग्रजीत गाणारी.

नाताळाचे दिवशी दुपारी चार वाजता नाटक मांडिले. देऊळ गच्च भरले. विल्सनराव सोनेरी कागदाचा मुकुट आणि काळी दाढी लावून सिंहासनी बसले, गर्जना केली, रयत संतोष पावली. मग गव्हाणीचा प्रवेश आला आणि मरिया जाहलेल्या मुलीने बाहुली उचलली, तो पोट दाबले गेले आणि बाहुली गाऊ लागली. मुलीने घाबरून अधिक दाबले, ती अधिक गाऊ लागली. योसेफाने पाय ओढला, मेंढपाळांनी पाठीत थापटले, तरी थांबेना. चिटणीस रंगमंचावर धावले आणि बाहुलीच्या पाठीचे झाकण उघडो लागले. रयत पोट धरून हसते, पोरे शिट्ट्या मारतात, विल्सनराव सिंहासनावरून ‘शांतता! शांतता!’ ओरडतात. ऐसा कल्लोळ चालला असता, बायकांच्या बाजूने प्रिसिला उठली. उराशी लेक होती, दुपट्यात नखशिखान्त गुंडाळलेली. राणीसाहेबांनी तिचा पदर धरिला. तिने तो सोडवून घेतला, सरळ चालत गेली, दुपटे काढिले, आणि लेक गव्हाणीत ठेविली.

मग देऊळ गप्प जाहले. तेव्हा प्रथमच सगळ्यांनी ती पोर पाहिली. गव्हाणीत पिवळा कडबा, त्यावर ती सावळी पोर, मुठी उघडझाप करीत, इतक्या दिव्यांकडे पाहून चकित. आणि मागच्या बाकावर कोणी तरी हळूच म्हणाले, “असू दे, उजळेल.” प्रिसिला उभी होती तिथेच, ओठ दाबून. पहिला मागी आला, सोने ठेविले, वाक्य विसरला. दुसरा आला, ऊद ठेविला आणि वाक्य कसेबसे म्हणाला. मग तिसरे शिमोनराव आले, शालीचा फेटा बांधिलेला, हातात गंधरस म्हणून मावशींची तेलाची बुधली. गुडघे टेकून बसले. त्यांनी ते लेकरू पूर्वी कधी पाहिले नव्हते. पाहिले आणि पाहतच राहिले, बुधली ठेवायची राहून गेली, आणि ज्यास वाक्य नाही तो तिसरा मागी बोलिला. मोठ्याने नाही. घरी बोलतात तसे. “अगं बाई, किती गोड! कुठं होतीस इतके दिवस? आम्ही सगळे वाट बघत होतो.”

पोर हसली. दात नाहीत, नुसत्या हिरड्या. आणि प्रिसिला, जी दोन महिन्यांत कोणापुढे रडली नव्हती, ती मटकन खाली बसली आणि हमसाहमशी रडो लागली. कारण त्या लेकरास जन्मल्यापासून कोणी गोड म्हटले नव्हते. नाकीडोळी नीटस म्हटले, नाजूक म्हटले, उजळेल म्हटले, गोड नाही. सेवकानेही डोळे पुसले, लपवीत नाही. शेजारणीने माझा रुमाल घेतला तो अजून दिला नाही.

मग सिंहासन करकरले. हेरोद राजे उठले आणि गव्हाणीकडे चालो लागले. मेंढपाळ पोरे ओरडली, “आजोबा, तुमचा प्रवेश संपला!” त्यांनी ऐकिले नाही. वाकले, नातीस उचलिले, आणि तिच्या तोंडाकडे असे पाहो लागले की जणू आजच भेट. पोरीने त्यांची दाढी मुठीत धरली आणि ओढली, ती निघून आली. मुकुट कडब्यात पडला. विल्सनराव म्हणाले, “हे तर माझ्या आईचं कपाळ. नोएल, बघ. अगदी आईचं.” नगाऱ्यासारखा आवाज, पण फुटला. रिबकामावशी विंगेतून म्हणाल्या, “मग तुझी आई काय लोण्याची होती, विल्सन? मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. म्हटलं, बघू तुला कधी दिसतंय.”

तेथेच, करंज्यांची ताटे फिरत असता, पंचमंडळ उभ्या-उभ्या भरले. विल्सनराव नातीस छातीशी धरून म्हणाले, “पाळक ठरले. आज बादशहांना, म्हणजे बिशपसाहेबांना, फोन लावा.” चिटणीस बोलिले, “साहेब, घाई नको, आपण प्रार्थनेत…” विल्सनराव म्हणाले, “आलं उत्तर.” चिटणीस म्हणाले, “पण लोक काय म्हणतील?” तेव्हा विल्सनराव बोलिले ते शब्द जसेच्या तसे लिहितो: “कसले लोक, नोएल? मीच म्हणत होतो. लोकांचं नाव पुढे करत होतो.” आणि शिमोनरावांकडे वळले आणि नात त्यांच्या हाती दिली. शिमोनरावांनी घेतली. तिने त्यांचे केस धरिले आणि सोडीनाच, मग ते म्हणाले, “लाव बाई, नीट लाव. घाई कशाला.”

तात्पर्य येणेप्रमाणे. शिमोनराव कायम जाहले. बंगल्यास रंग न देताच राहावयास गेले, बायको-मुले आली. जानेवारीत पहिला बाप्तिस्मा त्याच लेकराचा जाहला आणि फोटोत पाळक मधोमध उभे राहिले. सर्व सुधारले असे समजू नये. भाजीवाली अजून नव्या माणसास हे परदेशचे पाळक म्हणून सांगते, रिक्षावाले अजून विमानतळाचा भाव सांगतात, चिटणीस अजून प्रार्थना करितात. बाहुली गोदामात आहे, उंदीर धावला की गाते. आणि नाटकात काजळ लावणे बंद जाहले. तिसऱ्या मागीस आता वाक्य आहे, ते मावशींनी आपले हाताने संहितेत लिहिले, आणि यंदा तो होण्यासाठी पोरांत मारामारी जाहली. ते वाक्य घरी बोलतात तसेच म्हणायचे असते, आणि ते ऐकण्यास आता मागचे बाकही गप्प बसतात. कळावे.